खालच्या आवाजाची पानं

"कपाट हललं!" संदेश ओरडला आणि स्वतःच दचकून मागे सरला.

"मग? ढकललंस की हलणारच," ऋत्विक खिडकीच्या गजांवरची कोळिष्टकं काढता काढता म्हणाला. "बोंब कसली मारतोस?"

"अरे, पण मी एकट्याने ढकललं! एका खांद्याने!"

तेजस्वीच्या हातातली केरसुणी थांबली. विहारातलं ते लाकडी कपाट म्हणजे नुसता डोंगर होता. मागच्या वर्षी त्याच्यामागे उंदीर मेला, तेव्हा ते वीतभर सरकवायला वाडीतली मोठी माणसं जमली होती आणि तरी सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या. ते कपाट संदेशसारख्या काडीपैलवानाने हलवावं?

"परत हलव बघू," ती म्हणाली.

संदेशने खांदा लावला. कपाट करकरत सरकलं. सानिका, संदेशची धाकटी बहीण, टाळ्या पिटायला लागली. तेजस्वीने मात्र केरसुणी खाली टाकली. कपाट एवढं हलकं होण्याचा अर्थ एकच होता.

मे महिन्याची सुट्टी लागली होती आणि बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली होती. भाट्याच्या खाडीजवळच्या त्या छोट्या विहाराची झाडलोट करायला ही चौकडी सकाळपासून आली होती. पण झाडलोट हा बहाणा होता. खरा बेत कपाट उघडायचा होता. त्या कपाटात प्रेमलाबाईंची गाण्याची पानं होती.

प्रेमलाबाई शाळेत गणित शिकवायच्या आणि संध्याकाळी विहारात गाणं. त्यांचं शिकवणंही गणितासारखंच काटेकोर. सगळ्यांनी एका सुरात गळा काढलेला त्यांना खपायचा नाही. त्यांच्या समूहगानात तीन आवाज असायचे: वरचा, मधला आणि खालचा. तिघांची चाल वेगळी, पण एकत्र आले की अंगावर काटा यायचा. प्रत्येक आवाजासाठी बाई जाड कागदावर शाईच्या पेनाने वेगळी स्वरलिपी लिहायच्या. कोपऱ्यात कुठला आवाज ते लिहायचं आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे लाल शाईची बारीक चंद्रकोर. एका आवाजाच्या पानावर दुसऱ्या आवाजाचं अक्षरही नसायचं. "आपलं डोळ्यांनी वाचायचं, दुसऱ्याचं कानांनी," असं त्या म्हणायच्या. शब्द त्या फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायच्या, त्यामुळे पानांवर नुसते स्वर आणि रेघा.

माघात बाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी पौर्णिमेसाठी रचलेल्या नव्या गाण्याची पानं कपाटात ठेवली होती. शब्द मुलांना पाठ झाले होते. चाल मात्र बाईंच्या डोक्यात आणि त्या पानांवर, एवढीच. आता बाईंना गाता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. तेजस्वी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायची. बाई खिडकीतून विहाराच्या दिशेने बघत बसायच्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्या काय मागत होत्या ते तेजस्वीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पौर्णिमेला बाईंना खुर्चीतून विहारात आणायचं आणि त्यांचं गाणं त्यांच्यासमोर गायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण पानंच नसतील, तर ते गाणं जन्मायच्या आधीच मेल्यासारखं होतं.

"आणि हे कुलूप बघा," सानिका म्हणाली. "केवढं चकचकीत! आधी गंजकं होतं ना?"

होतंच. कडीवर जुन्या गंजाचा डाग होता आणि त्यात हे कोरं करकरीत कुलूप नवरीसारखं मिरवत होतं.

"प्रमोदकाका म्हणाले होते, किल्ली हरवली म्हणून माघापासून कपाट उघडलेलंच नाही," ऋत्विक सावकाश म्हणाला. "मग नवीन कुलूप कुठून आलं? कपाटाने स्वतः जाऊन आणलं?"

प्रमोदकाका विहार समितीचे चिटणीस. माणूस मनाने लोण्याचा, पण कामात भलताच विसरभोळा. तेवढ्यात त्यांची चप्पल दारात वाजली. ऋत्विकने बाकीच्यांना डोळा मारला आणि मोठ्याने म्हणाला, "बरं झालं आलात काका! कपाट आम्ही बाईंच्या घरी नेतोय. टेम्पो सांगितलाय. बाईंसमोरच कुलूप तोडायचं ठरलंय."

"टेम्पो?" काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "कशाला रे टेम्पो? ऊन केवढं हाय! आणि मला मिरकरवाड्याला जायचंय, मासळी..."

"तुम्ही जा की! आम्ही नेतो. संदेश एकटाच उचलेल. नाही का रे?"

संदेशने हातभर कपाट सरकवून दाखवलं. काका बघतच राहिले. मग मट्कन खाली बसले.

"काका," तेजस्वी त्यांच्यासमोर बसली. "पानं कुठे आहेत?"

"रद्दीत दिली गो," काका खाली मान घालून म्हणाले. "शिमग्याच्या आधी रंगकाम काढलं, तेव्हा कपाट रिकामं केलं. मला वाटलं, कुणी पोराने काय गिरवलंय. कोपऱ्यातलं सोडलं तर एकावर पण शब्द नाय! नुसता सा, मग रेघ, मग ग, परत रेघ. रद्दीवाला म्हणाला, कागद जाड हाय, चांगला हाय, म्हणून दिला. नंतर बाईंची सून विचारायला आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. मग लाज वाटली, आणि कुलूप लावून टाकलं."

"रद्दीवाला कोण?"

"फिरता होता. कुठला काय, नाय विचारलं."

सानिकाने तेजस्वीचा हात घट्ट धरला. काकांनी डोळे पुसले. पण डोळे पुसून पानं थोडीच परत येणार होती!

त्या दिवशी संध्याकाळी तेजस्वी पहिल्यांदाच बाईंकडे गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? ती संदेशच्या पडवीत गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिली. ऋत्विक उगीच खडे मारत होता.

संदेशची आई, रसिकाकाकी, आंब्याच्या दिवसांत काशीराम आजोबांच्या बागेत आंबे निवडायला जायची. ती दमून भागून आली आणि पदराखालून चार आंबे काढून ठेवले.

"खावा रे पोरांनो. डागी हायत, पण गोड हायत. पेटीत घालायचे नाय म्हणून आजोबांनी वाटून टाकले. काय मेला नवीन रोग आलाय! सालीवर निळे निळे डाग. आजोबांनी तर कपाळाला हात लावलाय."

आंबा कोयरीएवढा झाला की त्याच्यावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे ऊन, माशी, डाग काही लागत नाही, अशी हल्ली बागायतदारांची रीत आहे. बहुतेक पिशव्या वर्तमानपत्राच्या असतात. काकीने आणलेल्यातल्या एका आंब्याची पिशवी अजून तशीच होती. सानिकाने ती ओरबाडायला हात घातला.

"थांब!" तेजस्वी एवढ्या जोरात किंचाळली की कोंबड्या फडफडल्या.

पिशवीचा कागद जाड होता. खळीने चिकटवलेल्या कडेला लाल शाईची बारीक चंद्रकोर अर्धी दिसत होती.

तिने हलक्या हातांनी कड सोडवली. आतल्या बाजूला दंवाने फिकटलेली, पण ओळखीची निळी अक्षरं होती. कोपऱ्यात लिहिलं होतं: 'खालचा आवाज.' तेजस्वी स्वतः खालच्या आवाजात गायची. तिचंच पान होतं ते.

"आई, असल्या पिशव्या किती आहेत गो?" संदेशने विचारलं.

"समुद्राकडच्या गडग्याजवळची झाडं सगळी ह्याच पिशव्यांची. जाड कागद म्हणून आजोबांनी मुद्दाम चांगल्या झाडांना लावल्या. पण आता काय उपयोग? रोग पसरायला नको म्हणून उद्या सकाळी ती झाडं उतरवणार आणि पिशव्या जाळून टाकणार."

"जाळणार?" चौघं एकदम ओरडली.

"आजोबांना सांग ना, आई!"

"मी सांगितलं तर ऐकतील? ते रोगाच्या धसक्यात हायत. आणि पोरांना तर ते गडग्याच्या आत पाय ठेवू देत नाहीत."

सकाळी उजाडता उजाडता चौघं भाट्याचा पूल ओलांडून सायकलींवरून निघाली. खाडीवरून गार वारा येत होता. बाग कातळाच्या चढणीवर होती, चारी बाजूंनी जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. गडग्याआडून तेजस्वीने डोकं वर काढलं.

समोरच्या झाडांवर बाईंचं गाणं टांगलेलं होतं. फांदीफांदीला पिशव्या झुलत होत्या आणि समुद्राचं वारं आलं की सगळ्या एकदम हलायच्या. काही पिशव्यांवर अक्षरं बाहेरच्या बाजूला होती. 'मधला आवाज' असं एकीवर तिने लांबूनच वाचलं. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

"रड नंतर," ऋत्विक कुजबुजला. "तिकडे बघ!"

मांगराजवळ, म्हणजे बागेतल्या कौलारू खोपटाजवळ, धूर निघत होता. दोन झाडं आधीच उतरवून झाली होती. सुक्या पातेऱ्या-पाचोळ्याच्या ढिगावर पिशव्यांची रास पडली होती आणि एका कडेने ती पेटत होती. काशीराम आजोबा हातात काठी घेऊन तिथेच उभे होते.

"मी आजोबांना गुंतवतो," ऋत्विक म्हणाला. "तुम्ही मागून आग गाठा. धावा!"

तो सरळ फाटकातून आत शिरला आणि वाकून नमस्कार करून म्हणाला, "आजोबा, रत्नागिरीत सगळ्यात चांगला हापूस तुमच्याकडे होतो असं ऐकलं. मोठा झाल्यावर मला बागायतदार व्हायचंय. कुठून सुरुवात करू?"

आजोबांनी काठी उगारलीच होती, ती अर्ध्यावर थांबली. "बागायतदार? तू? हाडं तर बघ तुझी! आंब्यावर डोळा हाय काय मेल्या?"

"नाही आजोबा, मोहोरावर! मोहोर आल्यावर पहिलं काय करायचं?"

आता बागायतदाराला मोहोराबद्दल विचारायचं म्हणजे त्याच्या दुखऱ्या आणि लाडक्या जागी एकदमच हात घालायचा. आजोबा थंडीवर बोलले, तुडतुड्यांवर बोलले, मागच्या वर्षीच्या अवकाळी पावसाला शिव्या देऊन झाल्या. तोवर संदेशने टाकीजवळचं गोणपाट भिजवलं होतं आणि तो आगीवर सपासप मारत होता. तेजस्वी आणि सानिका हातांनी पिशव्या ओढून काढत होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते. संदेशच्या मनगटाला चटका बसला, तरी तो "आईगं!" म्हणून पुन्हा मारायला लागला.

"हय! कोण हाय रे तिकडे?" आजोबांनी वळून पाहिलं. "पिशव्या टाका खाली! रोग हाय त्यात! घरोघर न्याल आणि सगळ्यांच्या बागा बुडवाल!"

"रोग नाही आजोबा!" तेजस्वी धुरातून पुढे आली. तिचं तोंड काजळलं होतं आणि छातीशी पिशव्या कवटाळलेल्या होत्या. "ही शाई आहे!"

"शाई? पोरी, मला शिकवू नको. ह्या बागेत माझा जन्म गेला. असले डाग कधी बघितले नाय. व्यापारी परवा बघून गेला आणि म्हणाला, असला माल नको. ही चांगली झाडं. ह्यांच्यावरच माझं वर्ष चालतं. माझ्या पोटावर पाय आलाय आणि तुम्हाला खेळ सुचतोय?"

त्यांचा आवाज फाटला. तेजस्वीला एकदम कळलं, की हे रागावलेले नाहीत, घाबरलेले आहेत. तिला त्यांची कीव आली.

"आजोबा, मला एक डागी आंबा द्या," ती शांतपणे म्हणाली. "एकच. खाणार नाही."

आजोबांनी काहीशा चिडीने टोपलीतला एक आंबा तिच्या हातावर ठेवला. सालीवर निळसर खुणा होत्या, वेड्यावाकड्या, उलट्यापालट्या. तेजस्वी मांगराला टेकून उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे गेली आणि आंबा तिच्या आरशासमोर धरला. कागदावरची शाई दंवाने सुटून सालीवर उलटी उमटली होती. आरशात ती सुलटी झाली.

ग ग प, रेघ, म ग रे, रेघ, सा.

तेजस्वीने डोळे बारीक केले, आंबा थोडा फिरवला आणि गायला सुरुवात केली. आधी नुसते स्वर. मग तेच स्वर शब्दांवर बसवून:

"दिवा ठेव उंबऱ्यावर, वाट कुणाची उजळू दे..."

बाईंच्या नव्या गाण्याची चाल पहिल्यांदाच कुणाच्या तरी कानावर पडत होती. आंबे उतरवायचे जाळीचे झेले धरून झाडावर चढलेले गडी तिथेच थांबले. रसिकाकाकी मांगराच्या दारात आली. आंब्याची साल संपली तशी ओळही संपली. तेजस्वीने मान वर केली, तेव्हा आजोबा तोंड उघडं टाकून आरशात बघत होते.

"आंब्यावर गाणं हाय?" ते हळूच म्हणाले.

"आमच्या प्रेमलाबाईंचं. त्यांना आता बोलता येत नाही, आजोबा. उजवा हातही गेला. हे गाणं फक्त ह्या पिशव्यांवर राहिलंय. ह्या जळल्या तर ते कुणालाच कधी ऐकू येणार नाही. बाईंनाही नाही."

ऋत्विकने तेवढ्यात आपला रुमाल ओला करून आंबा चोळला. निळा डाग फिका झाला, आणखी चोळल्यावर गेलाच. खालून नितळ पिवळीकेशरी साल निघाली.

"हा बघा तुमचा रोग!" तो म्हणाला. "रुमालात आला!"

आजोबांनी आंबा हातात घेतला, उलटासुलटा केला, नाकाशी नेला. मग स्वतःच्या धोतराच्या सोग्याने दुसरा आंबा पुसून बघितला, मग तिसरा. आणि एकदम वळून गड्यांवर ओरडले, "अरे बघताय काय? पाणी मारा आगीवर! झेले सांभाळून घाला! एक पिशवी फाटली तर याद राखा!"

दुपारपर्यंत गडी आंबे उतरवत होते आणि मुलं पिशव्या सोडवत होती. रसिकाकाकी ओल्या फडक्याने आंबे पुसत होती. आजोबा मध्येच येऊन विचारत, "ह्याच्यावर काय हाय गो? गाऊन दाखव." आणि तेजस्वी दाखवायची.

संध्याकाळी पिशव्या विहारात आणल्या. प्रमोदकाका आधीच येऊन बसले होते, घरून इस्त्री घेऊन. कुणी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "मी घालवलं, मीच सरळ करतो." वाफेवर खळ सोडवायची, पान उलगडायचं, फडक्याखाली हलकी इस्त्री फिरवायची, आणि जांभ्याच्या खड्यांखाली जमिनीवर मांडायचं. इतक्या काळजीने काकांना कुणी कधी काम करताना पाहिलं नव्हतं. तीन दिवस हे चाललं. वरचा आवाज एका भिंतीला, मधला मध्ये, खालचा दाराजवळ. विहाराची सगळी जमीन पानांनी भरून गेली.

सगळं मिळालं नाही. जुनी कितीतरी गाणी अर्धीमुर्धीच राहिली. दंवाने काही पानं पार पुसली होती. नव्या गाण्याची पानं मात्र सापडत गेली. वरचा आवाज पुरा झाला. मधला पुरा झाला. खालच्या आवाजाचं शेवटचं पान तेवढं मिळेना. शेवटी सानिकाने राखेतून आणलेल्या तुकड्यांमध्ये एक काळा कोपरा निघाला. त्यावर 'खालचा' एवढंच वाचता येत होतं. त्याच्या पुढचं सगळं जळलं होतं.

"शेवटच्या ओळीत खालचा आवाज गप्प राहील," ऋत्विक म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"बाईंना," तेजस्वी म्हणाली.

ती पुढचे दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. आईने हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही. वरचा आवाज आणि मधला आवाज तिने पाठ करून टाकले, आणि त्यांच्या खाली काय असेल ते शोधत राहिली. एक ओळ करायची, गायची, पुसायची. काही ओळी गोड व्हायच्या, पण त्या बाईंच्या वाटायच्या नाहीत. बाईंना विचारावं तर डॉक्टरांनी सांगितलं होतं, विहारात न्यायचं असेल तर तोवर त्यांना जास्त त्रास देऊ नका. अखेर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने एक साधीशी ओळ पेन्सिलीने लिहिली. ती चढत नव्हती, मिरवत नव्हती. वरच्या दोघांना हळूच खाली उतरवून घरी आणत होती. बरोबर आहे की नाही, ते तिला माहीत नव्हतं.

पौर्णिमेला विहार भरला. सगळ्यांचे पांढरे कपडे. काशीराम आजोबाही धुवट टोपी घालून, आंब्यांची पेटी घेऊन मागच्या रांगेत येऊन बसले. वंदना झाली. वाडीतल्या चौघांनी बाईंना खुर्चीसकट उचलून आणलं आणि अगदी समोर बसवलं. बाई वाळल्या होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. समोर मुलांच्या हातांत पानं दिसली, आणि त्या पानांवर स्वतःचं अक्षर, तेव्हा त्यांचे ओठ थरथरले.

ऋत्विकने बाजाच्या पेटीवर सूर धरला. वरचा आवाज सुरू झाला, त्यात मधला मिसळला, आणि तेजस्वीच्या रांगेने सूर लावला.

ठक्! ठक्!

बाईंचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला होता. गाणं थांबलं. माणसं चपापली. कुणीतरी म्हणालं, "त्रास होतोय काय? आत न्या." पण तेजस्वीने बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिचं काळीज आनंदाने उडालं. ते डोळे आजारी नव्हते. ते रागावले होते!

"आपण लवकर घुसलो," ती आपल्या रांगेला म्हणाली. "एक मात्रा थांबायचं होतं. पहिल्यापासून!"

ह्या वेळी खालचा आवाज थांबला आणि नेमक्या जागी आला. तीन आवाज एकात एक विरघळले आणि विहाराच्या छोट्या भिंतींना ते मावेनात. सुरात सूर मिळाला की काय होतं ते बाईंनी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, पण आज तेजस्वीला ते पायाच्या नखापासून कळलं. शेवटची ओळ आली. तेजस्वीने श्वास घेतला आणि आपली ओळ गायली. रांग तिच्यामागून आली. गाणं संपलं.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. समितीचे अध्यक्ष उभे राहिले. "आम्ही मोठ्यांनी जे निष्काळजीपणाने घालवलं, ते ह्या पोरांनी आगीतून काढून आणलं," ते म्हणाले. "समितीच्या वतीने मी त्यांचे आभार मानतो. आणि माफीही मागतो." मागून काशीराम आजोबा ओरडले, "माझं वर्षही त्यांनीच वाचवलं! ही पेटी पोरांची हाय!" संदेशने पट्टी बांधलेलं मनगट उगीचच जरा उंच धरलं. प्रमोदकाका कोपऱ्यात उभे राहून सरळ सरळ रडत होते.

तेजस्वीचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ती बाईंसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली.

"बाई, शेवटचं पान जळलं," ती म्हणाली. "मला नाही वाचवता आलं. शेवटची ओळ तुमची नव्हती. मी केली. चुकलं असेल तर..."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं तोंड हललं. नुसता श्वास बाहेर आला. पुन्हा हललं, जबडा वाकडा झाला, कपाळावरची शीर तटतटली. सून धावत पुढे आली, तिला बाईंनी डाव्या हाताने मागे सारलं. आणि मग, एकेक अक्षर दगडासारखं उचलत, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, बाई बोलल्या.

"पु... न्हा."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. बाईंचं बोट तेजस्वीकडे होतं. फक्त तेजस्वीकडे.

चुकलं म्हणून, की आवडलं म्हणून? विचारायची सोय नव्हती. तेजस्वी उठून उभी राहिली. तिने घसा खाकरला. आणि कधीच कुणाला एकटा ऐकू न येणारा तो खालचा आवाज तिने भरल्या विहारात एकटीने गायला, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, न घाबरता.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. शेवटची ओळ संपली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, डावा हात लांब केला, तेजस्वीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घट्ट दाबून धरलं. मग तिच्या केसांतून हात काढून, बाकीच्या मुलांकडे बघून तो हात, गाणं सुरू करताना उचलायच्या तसा, वर उचलला. आपापली पानं सावरून सगळी मुलं बाईंचा हात खाली येण्याची वाट बघत उभी राहिली.